साल्गादोंवरील खोटा आरोप आणि खरा

ब्राझीलचे जगद्‌विख्यात छायाचित्रकार सेबॅस्टियाओ साल्गादो २३ मे २०२५ रोजी पॅरिस येथे निवर्तले. त्यांच्यावरील एक आरोप मात्र अजून जिवंत आहे. दारिद्र्याला देखणे करून हा मनुष्य विकत होता, असे १९९१ मध्ये इन्ग्रिड सिशी या समीक्षिकेने ‘न्यू यॉर्कर’मध्ये सुचविले आणि तेव्हापासून हा सूर दिवाणखान्यांतून आळवला जात आहे. त्याचा समाचार घेणे अगत्याचे आहे, कारण खरा प्रश्न त्याच्या आडोशाला दडून बसतो.

साल्गादो मुळात अर्थशास्त्रज्ञ. १९६४ च्या लष्करी उठावाने ब्राझीलवर जी हुकूमशाही लादली, तिच्या विरोधकांतील या तरुणाला १९६९ मध्ये पत्नी लेलियासह फ्रान्स गाठावे लागले. पुढे लंडनच्या आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरी करताना आफ्रिकेचे दौरे झाले. लिहावयाच्या अहवालांपेक्षा पत्नीचा कॅमेराच त्यांना अधिक बोलका वाटला आणि १९७३ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. १९८६ मध्ये सेरा पेलाडाच्या सोन्याच्या खाणीत पाठीवर मातीची पोती घेऊन शिड्या चढणारी हजारो माणसे, १९८९ मध्ये धनबादचे कोळशाने माखलेले खाणकामगार, १९९५ मध्ये चर्चगेट स्थानकात दोन उभ्या गाड्यांमधून लोंढ्यासारखी वाहणारी गर्दी, हे सारे त्यांनी टिपले. ते सुंदर आहे ही तक्रार नेमकी कोणाची? श्रमिक कण्हताना दिसला की ज्यांना दया दाखविता येते, आणि तो ताठ मानेने समोर उभा राहिला की जे अस्वस्थ होतात, त्या अभिजनांची! सुसान सोन्टॅग यांचा २००३ मधील आक्षेप अधिक वजनदार होता. नामवंतांच्या चित्राखाली नाव छापायचे आणि मजूर मात्र निनावी ठेवायचा, हा भेद त्यांनी दाखविला. तो मान्य करावाच लागतो.

परंतु समाजवाद्यांनी विचारावयाचा प्रश्न पैशाचा आहे. १९९६ मध्ये एल्दोरादो दोस काराजास येथे पोलिसांनी १९ भूमिहीन शेतकऱ्यांना ठार केले. त्यांच्या अंत्यविधीची छायाचित्रे साल्गादोंनी घेतली आणि १९९७ चा ‘तेर्रा’ हा ग्रंथ भूमिहीनांच्या चळवळीच्या पाठीशी उभा केला. त्याच साली ‘वाले दो रिओ दोसे’ ही लोहखनिजाची सरकारी कंपनी ब्राझील सरकारने खाजगी भांडवलाच्या हवाली केली. पुढे २०१३ मध्ये अस्पर्श निसर्गाचे ‘जेनेसिस’ प्रदर्शन भरले, तेव्हा त्याची पुरस्कर्ती होती हीच कंपनी!

५ नोव्हेंबर २०१५ रोजी वाले आणि बीएचपी यांच्या भागीदारीतील सामार्को कंपनीचा, खाणीचा टाकाऊ गाळ अडविणारा बांध मारियाना येथे फुटला. १९ माणसे मेली आणि तो गाळ रिओ दोसे नदीतून थेट समुद्राला मिळाला. साल्गादोंचा जन्म याच नदीच्या खोऱ्यातला. तेथेच वडिलांच्या उजाड जमिनीवर १९९८ पासून या दांपत्याने २० लाखांहून अधिक झाडे वाढविली होती. नदीच्या पुनरुज्जीवनाचा खर्च कंपन्यांनी भरावा अशी योजना त्यांनी नंतर मांडली, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदविलीच पाहिजे. मात्र ‘जेनेसिस’मधील एकही छायाचित्र त्या पैशाने खोटे ठरले नाही, यातच भांडवलाची खरी हुशारी होती. चित्रे जितकी निर्मळ, तितके त्यांच्याखालील कंपनीचे नाव उजळ. २०१९ मध्ये ब्रुमाजिन्यो येथे वालेचा स्वतःचा बांध फुटला आणि २७० माणसे चिखलात गाडली गेली.