मास्टर्स कशाला?

नोकरी लागलेल्या इंजिनिअरने पुन्हा शिकायचं म्हटलं, की आपल्याकडे दोन प्रश्न येतात. 'पॅकेज किती वाढेल?' आणि 'करायचंच तर अमेरिकेत का नाही?' शिकणार काय, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते विचारण्यासारखा तेवढा एकच प्रश्न आहे.

मी वीरचा. महाड तालुक्यातलं गाव, कोकण रेल्वेवरचं स्टेशन. पदवी सिव्हिलची, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरची. यात विशेष काही नाही. आमच्या वर्गातले कितीतरी जण आज कोड लिहितात. पगार बरा आहे, कामाबद्दल तक्रार नाही. तरी गेट देऊन जलसंपदा अभियांत्रिकीत एमटेक करायचं ठरवलं आहे आणि तेव्हापासून खुलासे देतो आहे.

आधी अमेरिकेचं बघू. तिथे एमएस केलं की तांत्रिक शाखांच्या विद्यार्थ्यांना तीन वर्षं काम करायची मुभा मिळते, मग एच-वन-बीची लॉटरी. सप्टेंबर २०२५मध्ये ट्रम्प सरकारने एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर केलं आणि लगेच चर्चा सुरू झाली, आता एमएसला अर्थ उरला का? म्हणजे प्राध्यापक तेच, अभ्यासक्रम तोच, प्रयोगशाळा तीच. व्हिसा अवघड झाला म्हणून पदवी निरर्थक! मग घर तारण ठेवून आपण काय विकत घेत होतो? ज्याला व्हिसा हवा त्याने जरूर घ्यावा. त्याला उच्च शिक्षण म्हणू नये, इतकंच.

दुसरीकडे ऑफिसातले अनुभवी लोक. 'सगळं यूट्यूबवर मिळतं, दोन वर्षं कशाला घालवतोस?' कोडिंगपुरतं हे बरंचसं खरं आहे. पण सगळे प्रश्न तसे नसतात.

आमच्याकडचाच घ्या. २२ जुलै २०२१. महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री तिथेच उगम पावते. महाडजवळ तिला काळ आणि गांधारी मिळतात, आणि खालून बाणकोट खाडीची भरती चढते. महाड बुडालं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पूर ओसरल्यावर अनेक महाडकरांनी दासगावजवळच्या रेल्वेच्या भरावाकडे बोट दाखवलं, हाच पाणी अडवतो म्हणून. कोणी नदीतल्या गाळाला दोष दिला. रोहा ते वीर हा कोकण रेल्वेच्या सुरुवातीच्या टप्प्यांपैकी एक, १९९३ सालचा. आमची पिढी शिकायला बाहेर पडली ती याच रुळांवरून.

तर भरावामुळे पाणी किती चढतं, इंचात की फुटांत? मोऱ्या वाढवल्या तर किती उतरेल? गाळ काढला तर तो किती पावसाळे टिकेल? याची उत्तरं मोर्चातून मिळत नाहीत आणि यूट्यूबवरही नाहीत. त्यासाठी नदीचे छेद मोजावे लागतात, भरतीच्या नोंदी जुळवाव्या लागतात, गणिती प्रारूप खऱ्या पुराशी ताडून पाहावं लागतं. आणि 'तुझं गृहीतक इथे चुकलं' असं तोंडावर सांगणारा मार्गदर्शक लागतो. त्याला दोन वर्षं जातात. मास्टर्स म्हणजे ती दोन वर्षं.

हे स्वप्नरंजन नाही. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं केंद्र, सितारा, १९८५पासून आहे आणि २००७पासून तिथे एमटेकही आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी रायगडातल्याच कर्जत तालुक्यात पिण्याच्या पाण्यावर काम केलेलं आहे.

आणि महाडला तरी हे नव्याने सांगायला नको. २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणारे बाबासाहेब कोलंबियाचे एमए होते, पदवी १९१५ची. पुढच्याच वर्षी तिथल्या चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. शिकायला न्यूयॉर्कला गेले, पण प्रश्न घरून नेला. आपण त्यांच्या पदव्यांची यादी पाठ करतो आणि तो प्रश्न विसरतो.

एक आक्षेप मात्र खरा आहे, पैशाचा. गेटमधून एमटेकला गेलेल्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. आकडा साधारण दहा वर्षांपूर्वी ठरलेला. दर महिन्याला घरी पैसे पाठवणाऱ्याने यावर कसं जगायचं? मला जमतंय, कारण काही वर्षांचा पगार साठला आहे आणि बहीणही कमावते. ही माझी हुशारी नाही, सोय आहे. ज्याच्याकडे ती नाही त्याचा प्रश्न त्याच्याबरोबर कंपनीच्या कॅबमध्ये बसून हिंजवडीला जातो. चिडायचंच असेल तर या आकड्यावर चिडा, शिकायला निघालेल्या पोरावर नको.

ज्याच्याकडे प्रश्न नाही त्याने खुशाल नोकरी करावी, त्यात कमीपणा नाही. मंदी टळेपर्यंत लपायला किंवा लग्नाच्या बायोडेटात एक ओळ वाढवायला मात्र मास्टर्सला जाऊ नये. ती जागा दुसऱ्या कोणाला तरी हवी असते. आणि ज्याच्याकडे प्रश्न आहे, त्याला पॅकेज विचारू नका. तो कुठल्या नदीवर काम करणार आहे, ते विचारा.