शाळेचा पट आणि शेतीचा ताळेबंद



पाऊस नाही म्हणून गावे ओस पडतात, असे आपल्याला सांगितले जाते. कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यात ते पटतेही. पण जरा सिंधुदुर्गाकडे पाहू. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २०११ च्या जनगणनेत साक्षरता ८५ टक्क्यांवर होती. दहावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते. पाणी आहे, शिक्षण आहे, तरी माणसे टिकत नाहीत. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. त्याच दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. हजार पुरुषांमागे तिथे १,०३६ स्त्रिया होत्या. कमावता पुरुष मुंबईला आणि शेत, गुरे, म्हातारी माणसे बाईच्या माथी, असा त्याचा अर्थ.

मालवणच्या किनारपट्टीवर भाताचे एक पीक, तुकड्यातुकड्यांची जमीन, थोडा आंबा-काजू-नारळ आणि मासेमारी. पिढ्यानपिढ्या घर चालले ते मनीऑर्डरीवर. १९८२ च्या गिरणी संपानंतर तीही आटली. पण परत यावे असे शेतीने चाकरमान्याला काही देऊ केले नाही. पोर वाढवण्याचा खर्च गावाचा आणि त्याच्या कष्टाचे पीक शहराच्या खळ्यात! हीच ती लूट.

याचा हिशोब शाळेच्या हजेरीपटावर उतरतो. घरात मुले कमी झाली, काही इंग्रजी माध्यमाकडे गेली, हेही खरे. पण वाडीत तरुण जोडपेच राहिले नाही, तर पहिलीत बसणार कोण? सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आणि त्याखालचे नियम पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे सांगतात. कोकणात वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. भर पावसात साकव ओलांडून सहा वर्षांचे पोर दूरच्या शाळेत कसे जाणार? शाळा गेली की उरलेले घरही हलते. मग पट आणखी घटतो.

आपल्याकडे पाऊस बेभरवशाचा, म्हणून ही वेळ अधिक लवकर येईल. नुसते पाणी किंवा नुसती शाळा गाव राखत नाही. शेतीत चार पैसे उरले तरच गाव राहते. म्हणून मागण्या दोन: ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एकही शाळा बंद करू नये, आणि शेतीमालाला उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव मिळावा. दुसरी मान्य झाल्याशिवाय पहिली टिकणार नाही.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावच्या शाळेचा वीस वर्षांपूर्वीचा पट आणि आजचा पट लिहून आणा. कुलूप लागलेली घरेही मोजा. भाषणांपेक्षा ते आकडे अधिक बोलतील.