ही विद्या आमचीही!

कलाशाखेच्या अंकात संगणकाचे नाव दिसताच काही वाचक पान उलटतील. त्यांनी क्षणभर थांबावे, एवढीच विनंती. मला जे म्हणायचे आहे ते यंत्राविषयी कमी आणि आपल्या परावलंबनाविषयी अधिक आहे.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चा नेहमीचा पाठिंबा संपवला. 'विंडोज ११'ला 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. वडिलांनी मला घेऊन दिलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये दोन्ही नाहीत. दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने झाकण उघडले, मिटले आणि म्हणाला, "ताई, भंगारात घाला, नवा घ्या." यंत्र तर ठणठणीत चालत होते! चालत्या वस्तूला भंगार ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याला कुणी दिला? आपणच दिला, आपल्या अज्ञानाने.

विज्ञानशाखेतल्या एका मैत्रिणीने वाट दाखवली. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. त्यावर उभारलेल्या 'डेबियन', 'उबुंटू', 'मिंट' या प्रणाली कुणालाही विनामूल्य मिळतात. त्यांची 'आयएसओ' फाइल उतरवून घ्यायची आणि पेनड्राइव्हवर चढवायची. मात्र नेहमीसारखी नुसती नकलून चालत नाही. 'रूफस'सारख्या साधनाने ती अशा रीतीने लिहावी लागते, की संगणक सुरू होतानाच तिला ओळखेल. यालाच 'बूट' होणे म्हणतात. शब्द पायातल्या बुटावरूनच आला आहे. बुटाचा पट्टा ओढून स्वतःच स्वतःला वर उचलण्याची ती इंग्रजी कल्पना!

आता माझी चूक सांगते. मी हाताला लागला तो पेनड्राइव्ह घेतला. 'यावरील सर्व मजकूर नष्ट होईल' अशी सूचना आली. ती न वाचताच मी होकार दाबला. त्यावर आजीने सांगितलेल्या जात्यावरच्या चाळीसेक ओव्या होत्या. प्रकल्पासाठी मी टंकलेल्या. दुसरी प्रत नव्हती. आजीपाशी पुन्हा बसले, तेव्हा तिला निम्म्याही आठवल्या नाहीत. "गेलं ते गेलं, बाई," ती म्हणाली. वाचन हाच जिचा अभ्यासविषय, तिने एक ओळ वाचू नये!

त्या दिवसापासून मला वाटू लागले, की हे काम मुळात वाचनाचेच आहे. फाइलसोबत एक पडताळणी-अंक दिलेला असतो, चौसष्ट अक्षरी. आपल्या फाइलचा अंक काढून तो ताडून पाहायचा. जुळला नाही तर फाइल बाद. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण मराठीच्या तासाला शिकतो. प्रत ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये, हा धडा तोच नव्हे काय?

पुढचे काम सोपे आहे. संगणक चालू करताच एफ-१२ किंवा त्या यंत्राला लागू असलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. प्रणाली आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, आवाज, मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक, सारे तपासावे. मग आपला मजकूर दुसरीकडे सुरक्षित ठेवून, प्रत्येक सूचना वाचून, प्रणाली बसवावी. काही सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाहीत, हे खरे. पण निबंध लिहिणे, संदर्भ शोधणे, व्याख्यान ऐकणे यांत माझे काही अडलेले नाही.

"हे विज्ञानवाल्यांचे काम," असे आमच्याकडे सर्रास म्हटले जाते. मला ते मान्य नाही. दौत-टाक स्वतः साफ करणाऱ्याला कुणी लोहार म्हणत नसे! आपल्या ग्रंथालयात असे दोन पेनड्राइव्ह ठेवावेत आणि वर्षारंभी एक तास त्यासाठी द्यावा, अशी माझी सूचना आहे. खर्च काही शे रुपयांचा. त्यापायी एखाद्या घरचा नव्या लॅपटॉपचा खर्च वाचेल.

हा लेख त्याच 'भंगारा'त टंकला आहे. आजीच्या उरलेल्या ओव्याही त्यातच आहेत, आणि या खेपेस त्यांच्या तीन प्रती आहेत.