घोळीचा घोळ

मा. संपादक,


आपल्या गेल्या अंकातला घोळीच्या भाजीवरचा लेख वाचला. तण म्हणून उपटून फेकल्या जाणाऱ्या भाजीची कुणीतरी दखल घेतली, याचा आनंद झाला. पण ‘रोज सकाळी पेलाभर घोळीचा रस प्या, मधुमेह मुळापासून जाईल, अपाय शून्य’ हे वाचलं आणि पत्र लिहायला बसले.

मी ब्रिस्टलमध्ये फार्मासिस्ट आहे. इथल्या सेंट वर्बर्ग्ज भागात भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर आम्ही भाजीपाला लावतो. घोळ तिथे मीच आणली आणि दोन उन्हाळ्यांत ती वाफा सोडून पायवाटेवर गेली. लालसर गुबगुबीत देठ, चमच्याच्या आकाराची जाड पानं, ऊन आलं की उघडणारं इवलंसं पिवळं फूल. उपटून बांधावर टाकली तरी देठातल्या पाण्यावर तग धरून बी पाडते. विदर्भातल्या वाचकांना तिची धाकटी बहीण चिवळ ठाऊक असेलच.

तर आमच्या ओळखीतल्या एक मावशी गेले काही आठवडे माझ्याकडून घोळीच्या जुड्या नेत होत्या. मला वाटलं, भाजी करत असतील. एक दिवस त्यांनी पर्समधून आपल्या लेखाचं घडी घातलेलं पान काढलं. रस चालू होता आणि मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या बंद. मी रागावले तर म्हणाल्या, “अगं, भाजीच तर आहे! भाजीने काय होणार?” मी म्हटलं, “मावशी, भाजीने काही होत नसेल, तर मधुमेह तरी कसा जाईल?”

लेखातली मेख हीच आहे. गुण औषधाचा हवा आणि जबाबदारी मात्र भाजीची.

जे खरं आहे ते आधी मान्य करते. घोळीत ओमेगा-3 गटातलं स्निग्धाम्ल असतं. 1986 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आर्टेमिस सिमोपोलस आणि नॉर्मन सेलम यांनी ते कळवलं, तेही संपादकांना पत्र लिहूनच. 100 ग्रॅम ताज्या पानांत ते 300 ते 400 मिलिग्रॅम भरतं. पालेभाजीच्या मानाने हे भरपूर आहे. पण आपल्या जवसाच्या चटणीतल्या मोठ्या चमचाभर जवसात त्याच्या चौपट असतं, आणि जवसाला कुणी संजीवनी म्हणत नाही.

आता मधुमेह. 2011 साली इजिप्तमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 30 रुग्ण होते. 15 जणांना घोळीचं बी, 5 ग्रॅम दिवसातून दोनदा. उरलेल्या 15 जणांना मेटफॉर्मिन. इराणमधल्या 2015 च्या अभ्यासात 48 रुग्णांना 5 आठवडे दह्यातून रोज 10 ग्रॅम बी दिलं होतं. दोन्हीकडे दिलं ते बी. लेखात सांगितलाय तो पानांचा रस. मेथीदाण्याचे गुण मेथीच्या जुडीला चिकटवण्यातलाच हा प्रकार. शिवाय काही आठवड्यांत साखर थोडी हलणं वेगळं आणि मधुमेह जाणं वेगळं.

असे अभ्यास पारखण्याची जगभर वापरली जाणारी एक फूटपट्टी ब्रिस्टल विद्यापीठातल्या जोनाथन स्टर्न यांच्या पुढाकाराने तयार झाली आणि 2019 साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तिचे प्रश्न कुठल्याही चाणाक्ष गृहिणीला सुचतील असे आहेत. रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निःपक्ष होती का? मधेच किती गळाले? मोजमाप कसं केलं? सोयीचे तेवढेच आकडे छापले का? लेखकाने यातला एक तरी प्रश्न विचारायला हवा होता.

मावशींनी बंद केलेल्या गोळीचं मूळही रानातच आहे. युरोपात ‘गोट्स रू’ नावाचं एक तण जुन्या काळापासून औषधात वापरत. त्यातलं द्रव्य साखर उतरवतं, पण विषारी. त्याच्या जवळची पण सुरक्षित अशी रसायनं शोधता शोधता मेटफॉर्मिन हाती आलं. 1957 मध्ये पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी ते मधुमेहींना दिल्याचे निष्कर्ष मांडले. 1998 साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. त्यात मेटफॉर्मिन घेणारे 342 जण होते आणि पाठपुरावा सरासरी दहा वर्षांहून अधिक होता. रानातल्या पाल्याला औषध म्हणवून घ्यायला एवढी वाट चालावी लागते. घोळ अजून वेशीपाशीच आहे.

राहिला ‘अपाय शून्य’चा दावा. घोळीत पालकासारखंच भरपूर ऑक्झलेट असतं. घोळीच्या ऑक्झलेटमुळे मूत्रपिंडाला इजा झालेल्या रुग्णाची नोंद 2023 साली ‘बीएमसी नेफ्रॉलॉजी’त आली आहे. ज्यांना मुतखडा होतो, ज्यांची मूत्रपिंडं मधुमेहाने आधीच थकली आहेत, त्यांनाच आपण कच्च्या रसाचा पेला देतो आहोत. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी घेणाऱ्यांनीही कुठलीही पालेभाजी एकदम वाढवण्याआधी विचारून घ्यावं.

यावर ‘आमच्या आज्या-पणज्या खातच होत्या की’ असं कुणी म्हणेल. खात होत्या, पण कशी? पावसाळ्यात कधीमधी, शिजवून, मुगाच्या डाळीबरोबर, ताक-बेसन लावून, वर लसणाची फोडणी. 2009 साली न्यूझीलंडच्या लिंकन विद्यापीठात घोळीची पानं दह्यात कालवून तपासली, तेव्हा अंगात शोषलं जाणारं विद्राव्य ऑक्झलेट कमी झालेलं आढळलं. दह्यातलं कॅल्शियम त्याला बांधून ठेवतं. परंपरेचा दाखला द्यायचा तर प्रमाण आणि कृतीसकट द्यावा. पेलाभर कच्चा रस कुठल्या आजीने दिला होता?

माझी विनंती एवढीच: असा लेख छापताना वनस्पतीचा कोणता भाग, किती, किती माणसांना आणि किती दिवस दिला, हे चार तपशील लेखकाकडून मागून घ्या. आणि चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, ही ओळ चौकटीत छापा.

मावशींच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. जुडी मी अजूनही देते, पण सोबत घरच्या ताकाची बरणीही देते.

आपली,
एक वाचक, ब्रिस्टल