मुखपृष्ठावरची तरुण पिढी

इंग्लंडमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ‘माध्यमांचा अभ्यास’ हा विषय शाळेत घेता येतो. ओसीआर या तेथील परीक्षा मंडळाने २००८ पासून काही वर्षे या विद्यार्थ्यांसाठी एक प्रात्यक्षिक ठेवले होते. एका नव्या संगीत-नियतकालिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिकेचे पान आणि एका लेखाची समोरासमोरची दोन पाने त्यांनी स्वतः तयार करायची, आणि मग सात प्रश्नांची उत्तरे द्यायची. त्यांतला एक प्रश्न असा होता की, तुमच्या या निर्मितीत समाजातील विशिष्ट गटांचे चित्रण कसे झाले आहे? शाळकरी मुलांना घातलेला हा प्रश्न खरे तर या व्यवसायात हयात घालवलेल्या संपादकांना आधी विचारावयास हवा होता.

संगीताच्या नियतकालिकात मजकूर मागाहून वाचला जातो. आधी बोलते ती पानाची मांडणी. छायाचित्रातील व्यक्ती कोठे पाहते, तिच्या हातात वाद्य आहे की हात मोकळे आहेत, चित्र कोठे कापले आहे, मथळ्याचा टाइप किती ठळक आहे, यांवरून वाचकाला काय समजायचे ते समजते. पुरुष वादक बहुधा वाजवण्याच्या भरात, घामाघूम, कॅमेऱ्याची दखलही न घेता दाखवला जातो. तो काही तरी करीत असतो. गायिका मात्र स्थिर उभी असते आणि वाचकाकडे पाहते. ती स्वतः उत्तम गिटार वाजवणारी असली, तरी छायाचित्राच्या वेळी गिटार नेमकी बाजूला ठेवलेली असते. पुरुष कृती करतात आणि स्त्रिया दिसतात, असे निरीक्षण जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये युरोपीय चित्रकलेविषयी नोंदवले होते. रॉक संगीताला जुन्या जगाविरुद्धच्या बंडाची मोठी हौस, पण ही परंपरा त्याने विनातक्रार पुढे चालवली.

उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. ब्रिटनच्या ‘क्यू’ मासिकाने १९९४ मध्ये ब्योर्क, पी. जे. हार्वी आणि टोरी एमॉस या तिघींना एकत्र मुखपृष्ठावर आणले. तिघीही आपली गाणी आपण रचणाऱ्या, आणि तिघींची शैली परस्परांपासून पूर्णतः भिन्न. त्यांच्यावर छापलेल्या मथळ्यातील चार शब्दांपैकी तीन शरीराच्या अवयवांची नावे होती! अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ने १९९९ मध्ये सतरा वर्षांच्या ब्रिटनी स्पीअर्सला मुखपृष्ठावर घेतले ते बिछान्यावर, काखेत लहान मुलांचे खेळणे देऊन, मथळ्यात तिच्या मनाबरोबर शयनगृहाचाही उल्लेख होता. तिच्या गाण्याविषयी त्या पानावरून काहीच कळत नव्हते. त्याच्या दोन वर्षे आधी, १९९७ मध्ये, याच नियतकालिकाने रॉकमधील स्त्रियांवर विशेषांक काढून मॅडोना, कोर्टनी लव्ह व टीना टर्नर यांना मानाचे स्थान दिले होते. ते स्वागतार्हच होते. मात्र विशेषांक काढावा लागतो याचाच अर्थ वर्षभराचे बाकीचे अंक कोणाचे हे ठरलेले असते. ‘रोलिंग स्टोन’ची भारतीय आवृत्ती २००८ पासून मुंबईहून निघू लागली, तेव्हा हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देण्याची सोयही आपल्याला उरलेली नाही.

संपादकांचा नेहमीचा बचाव खपाचा असतो. हा बचाव तपासून पाहण्यासारखा आहे, कारण आकडे त्यांच्या बाजूने बोलत नाहीत. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या १९५२ साली सुरू झालेल्या साप्ताहिकाचा खप १९६४ मध्ये तीन लाखांवर गेला आणि तोच त्याचा उच्चांक ठरला. याच साप्ताहिकाचे संपादक राहिलेले निक लोगन यांनी १९७८ मध्ये ‘स्मॅश हिट्स’ काढले. गाण्यांचे शब्द, गुळगुळीत कागद, भडक रंग, मधल्या पानावर भिंतीवर लावण्याजोगे चित्र आणि थट्टेखोर भाषा असा त्याचा थाट होता. त्याच्या वाचकवर्गात शाळकरी मुलींचा मोठा भरणा होता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्याचा खप दहा लाखांच्या घरात पोचला. येथे नजरेची दिशाही उलटली होती: देखणे तरुण गायक पाहण्यासाठी मांडलेले होते आणि पाहणाऱ्या मुली होत्या.

तरीही ‘गंभीर’ समीक्षक कोणत्या नियतकालिकाला मानीत? कृष्णधवल छायाचित्रे, वर्तमानपत्री कागद आणि काळ्या चामडी जाकिटातला उदास तरुण, ही गांभीर्याची खूण ठरली. रंग, हसू आणि मुली ही उथळपणाची. मुलांची आवड म्हणजे अभिरुची आणि मुलींची आवड म्हणजे वेड, हा निवाडा कोणी लेखातून दिला नाही, तो कागदाच्या पोतातून आणि शाईच्या रंगातून दिला गेला. अँजेला मॅकरॉबी व जेनी गार्बर यांनी १९७६ मध्येच दाखवून दिले होते की, तरुणांच्या संस्कृतीचे अभ्यासक रस्त्यावरची मुले तेवढी पाहतात. स्वतःच्या खोलीत तबकडी लावून मैत्रिणींबरोबर गाणी ऐकणारी मुलगी त्यांच्या दृष्टीसच पडत नाही. या साच्याचा जाच मुलग्यांनाही होतोच. ज्याला रुबाबदार उदास होता येत नाही, त्या मुलाला त्या पानांवर जागा नव्हती.

हे बदलू शकते, याचाही पुरावा आहे. लोगन यांनीच १९८० मध्ये ‘द फेस’ काढले. नेव्हिल ब्रोडी यांनी त्याची अक्षरेच नव्याने घडवली, आणि वेशभूषाकार रे पेट्री यांनी पुरुषांना स्कर्ट नेसवून छायाचित्रे काढवली. बॉय जॉर्ज रंगभूषा करून आणि ॲनी लेनॉक्स पुरुषी सूट घालून गात होती तो हा काळ. काही वर्षे तरी तरुण-तरुणींच्या प्रतिमांची सरमिसळ झाली आणि त्यामुळे कोणाचे दिवाळे निघाले नाही.

‘रोलिंग स्टोन’चे एक संस्थापक यान वेनर यांनी २०२३ मध्ये संगीतकारांच्या मुलाखतींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात सात जण होते, सातही गोरे पुरुष. एकही स्त्री का नाही, असे विचारले असता, त्या बौद्धिक पातळीवर बोलू शकणारी कोणी नव्हती, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पुढे त्यांनी क्षमा मागितली, पण ज्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या उभारणीत त्यांचा वाटा होता, त्याच्या संचालक मंडळातून त्यांना लगेच दूर करण्यात आले. लोकांना धक्का बसला याचेच नवल वाटते. हेच उत्तर मुखपृष्ठे अनेक वर्षे देत आली होती.

‘स्मॅश हिट्स’ २००६ मध्ये व ‘क्यू’ २०२० मध्ये बंद पडले. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’चे छापील साप्ताहिक २०१८ मध्ये थांबले. आता गाण्याबरोबर दिसते ते फोनच्या पडद्यावरचे बोटभर चौकोनी चित्र, आणि ते कोणी निवडले हे विचारायला संपादकाचे नावही छापलेले नसते. परीक्षेसाठी मासिक तयार करणाऱ्या त्या मुलांपुढे नमुना म्हणून हीच जुनी नियतकालिके होती. वर्गमैत्रिणीला गिटार देऊन कॅमेऱ्यासमोर उभे केल्यावर, तिने तारांकडे पाहायचे की आपल्याकडे, हे त्यांना तेथल्या तेथे ठरवावे लागत होते.