आपला ठसा आपणच कोरावा

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यांत डार्टमूर नांवाचें एक विस्तीर्ण, ओसाड व दलदलीचें माळरान आहे. त्याच्या उत्तर भागांत क्रॅनमियर या दुर्गम ठिकाणीं जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें इ. स. १८५४ मध्यें एक बाटली ठेविली. जो प्रवासी तेथवर पायीं पोहोंचेल त्यानें आपल्या नांवाची चिठ्ठी तींत टाकावी, एवढाच तिचा उद्देश. पुढें लोक अशा ठिकाणीं पत्रें ठेवूं लागले आणि मागाहून येणाऱ्यानें तीं नेऊन टपालांत टाकावीं असा प्रघात पडला. त्यावरून या छंदास ‘लेटरबॉक्सिंग’ हें नांव मिळालें.

कालांतरानें पत्रांची जागा रबरी शिक्क्यानें घेतली. आतां लपविलेल्या डब्यांत एक शिक्का व एक वही असते. खुणांवरून डबा शोधून काढणारा त्यांतील शिक्का आपल्या वहींत उमटवितो, स्वतःचा शिक्का डब्यांतील वहींत उमटवितो, आणि डबा होता तसा ठेवून निघून जातो. इ. स. १९९८ नंतर हा छंद अमेरिकेंत पसरला व तेथें हातानें कोरलेल्या शिक्क्यास विशेष मान मिळाला.

शिक्का बाजारांत थोड्या पैशांत करून मिळतो. मग बोटें कां दुखवावीं, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, त्या वहींत आपली व दुसऱ्याची प्रत्यक्ष भेट होत नाहीं. आपल्या वतीनें आपला शिक्काच भेटावयास जातो. मागाहून येणारा अनोळखी मनुष्य त्या शाईच्या खुणेवरूनच आपणांस ओळखणार. ती खूणच दुसऱ्याच्या हातची असेल तर ओळख कोणाची झाली? विकतचा शिक्का सुबक असेल, परंतु तो आपली साक्ष देणार नाहीं.

कृति अवघड नाहीं. मात्र ती उतावळ्याची नव्हे. आरंभास मोठें, गुळगुळीत खोडरबर पुरे. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीनें पान, मासा, होडी असें सोपें चित्र काढावें व तो कागद रबरावर पालथा घालून पाठीवरून नखानें घासावा. चित्र रबरावर उलटें उतरतें, आणि उलटें कोरलेलेंच कागदावर सुलटें उमटतें. मग बारीक कोरणीनें रेघांभोंवतालचें रबर काढावें. रेघा तेवढ्या उंच राहाव्या. रेघेचें बूड रुंद ठेवावें. तें आंतून पोखरलें गेल्यास रेघ दाबाखालीं वाकते व पुढें तुटते. वळण आलें म्हणजे हात न वळवितां रबर फिरवावें. धारेच्या वाटेंत दुसरा हात कधींहि येऊं देऊं नये, आणि लहान मुलांनीं वडील माणूस जवळ असल्यावांचून कोरणी हातीं धरूं नये.

या कामाची खरी शिकवण निराळीच आहे. पेन्सिलीची रेघ खोडतां येते. कापलेलें रबर पुन्हां जागीं बसत नाहीं. म्हणून काय काढावें याहून काय राखावें हें आधीं ठरवावें लागतें. थोडें कोरावें, शाईच्या गादीवर टेकून ठसा पाहावा, पुन्हां थोडें कोरावें, हाच क्रम. आपल्या छपाईच्या मुळाशींहि हेंच कसब आहे. इ. स. १८०० मध्यें स्थापन झालेल्या श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यांत पंचानन कर्मकार या कारागिरानें देवनागरी अक्षरांचे ठसे कोरले ते असेच उलटे, एकेक व हातानें.

पालकांस एक नम्र विनंति आहे. मुलांचें हस्तकाम घरांतील वडील माणसें करून देतात, किंवा तें दुकानांतून तयार आणिलें जातें, असें हल्लीं वारंवार दिसतें. आपल्या मुलाचें काम नीटनेटकें दिसावें ही इच्छा प्रेमाचीच होय. परंतु तिच्या पायीं मुलाचा हात अडाणी राहतो. होडीचें शीड वाकडें झालें तर होऊं द्यावें. तें पाहून मूल दुसरी होडी अधिक जपून कोरील. विकतच्या होडीपासून तें कांहींच शिकणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, डार्टमूर आपणांपासून दूर आहे. परंतु शाळेच्या आवारांत चारदोन डबे लपविण्यास माळरान लागत नाहीं. येत्या वर्षीं प्रत्येक वर्गानें स्वतः कोरलेल्या शिक्क्यासह एक डबा ठेवून पाहावा. ईश्वरानें कोणा दोघांच्या बोटांचे ठसे सारखे केले नाहींत; मग आपल्या हातची खूण आपण दुसऱ्याकडून विकत कां घ्यावी?