पाडून मोकळे होण्याची घाई

काळा घोडा परिसरातली एस्प्लनेड मॅन्शन दुरुस्तीपलीकडे गेली आहे, असा अहवाल आयआयटी मुंबईने २०१९मध्ये दिला आणि म्हाडाने लगेच ती पाडण्याची भाषा सुरू केली. ही भाषा आम्हाला मान्य नाही. इमारत धोकादायक आहे, रहिवासी आणि वकील मंडळी तिथून बाहेर पडलीच पाहिजेत, याबद्दल वाद नाही. माणसाच्या जिवापुढे कोणताही वारसा मोठा नाही. पण इमारत रिकामी करणे वेगळे आणि जमीनदोस्त करणे वेगळे. रिकामी इमारत टेकू देऊन उभी ठेवता येते, तिची दुरुस्तीही करता येते. पाडलेली इमारत परत येत नाही.

पाडायला निघालेल्यांनी आपण काय पाडतो आहोत, हे एकदा नीट पाहावे. १८६०च्या दशकात उभारलेले हे वॉटसनचे हॉटेल. बीडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबई बंदरात आणल्या आणि इथे एकमेकींना जोडून सांगाडा उभा केला. लोखंडी सांगाड्यावर उभ्या असलेल्या इतक्या जुन्या इमारती जगातच मोजक्या आहेत. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच इमारतीत. ज्या शहराची निम्मी ओळख सिनेमाने घडवली, त्या शहराला ही वास्तू राखता येऊ नये?

ही अवस्था एका रात्रीत आलेली नाही. २००५च्या पावसाळ्यात सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. त्याच वर्षी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातील सर्वाधिक धोक्यातील शंभर स्थळांत या इमारतीचे नाव घातले. म्हणजे २००५मध्येच सारे जगजाहीर होते. तेव्हापासून पाणी मुरत राहिले, लोखंड गंजत राहिले, भिंतींतून झाडे फुटत राहिली. मालक भाडेकरूंकडे बोट दाखवतो, भाडेकरू मालकाकडे, आणि म्हाडाच्या ज्या दुरुस्ती मंडळाचे नावच दुरुस्तीचे आहे, ते नोटिसा काढते. इमारत दुरुस्तीपलीकडे गेली असेल, तर ती तिथवर कोणी जाऊ दिली, याचे उत्तर आधी हवे.

भाडे गोठवणाऱ्या १९४७च्या कायद्याने प्रमाण भाडे १९४०च्या पातळीवर बांधून ठेवले. त्या भाड्यात डागडुजीही होत नाही, हे प्रत्येक सरकारला ठाऊक होते. १९९५ साली वारसा नियमावली आली, देशात अशी पहिली म्हणून तिचे कौतुकही झाले. एस्प्लनेड मॅन्शनला ‘दोन-अ’ श्रेणी मिळाली. श्रेणी आली की मालकाच्या मागे परवानग्या लागतात. दुरुस्तीचा पैसा मात्र कुठून उभा राहणार, हे कुणी सांगत नाही. मग इमारत कुजत जाते. कुजली की धोकादायक ठरते आणि धोकादायक ठरली की पाडायची. हा रस्ता एकदा मोकळा झाला, तर फोर्टातल्या, गिरगावातल्या, भुलेश्वरातल्या किती वास्तू त्यावरून जातील? दक्षिण मुंबईतल्या जमिनीचा भाव पाहता त्या कुजण्याची वाट पाहणारे कमी नाहीत.

मुंबईला हे जमत नाही, असे कुणी म्हणू नये. १९९३पासून बंद असलेले रॉयल ऑपेरा हाऊस २०१६मध्ये पुन्हा उघडले. राजाबाई मनोऱ्याची डागडुजी झाली. तिथे जाणकार वास्तुविशारद होते, पैसा होता आणि इच्छा होती. इथे या तिन्हींपैकी काय कमी आहे, ते सरकारने सांगावे.

जून २०१८मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटले. मंत्र्यांनी अभिनंदन स्वीकारले. त्याच परिसरातली इमारत वर्ष उलटताच पाडायची? लिव्हरपूलचेही बंदर असेच मानांकित. किनाऱ्यावरच्या नव्या बांधकामाच्या योजनेमुळे २०१२मध्ये ते युनेस्कोच्या धोक्यातील वारशाच्या यादीत गेले आणि २०२१मध्ये त्याचे मानांकनच गेले. मानांकन दिले जाते तसे ते काढूनही घेतले जाते.

एका अहवालावर दीडशे वर्षांच्या इमारतीचा निकाल लावता येणार नाही. जुन्या बीडाच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या संवर्धन अभियंत्यांकडून स्वतंत्र तपासणी करून घ्या. तोवर टेकू द्या, छप्पर झाका, मुरणारे पाणी अडवा. आणि दुरुस्तीचा खर्च मालक, म्हाडा व राज्य सरकार यांनी कसा वाटून घ्यायचा, हे मुख्यमंत्र्यांनी या पावसाळ्याच्या आत जाहीर करावे. तोपर्यंत त्या इमारतीची एक वीटही हलता कामा नये.